पीठ निजलंय

ओठांवर बोट. आधी ते बोट, मग डोळे अर्धवट मिटायचे, आणि मग श्वास सोडावा तसं बोलणं, "सवकास, बाय, सवकास. पीठ निजलंय."

त्यांची माझी पहिली भेट ही अशी. लग्न होऊन मी अंधेरीला आले होते आणि अजून गल्ल्या ओळखीच्या व्हायच्या होत्या. कडेवर गव्हाचा डबा घेऊन गिरणीवर निघाले होते, सोबत खालच्या मजल्यावरच्या तारीबाई. तारीबाई मालवणच्या. त्या गॅलरीत बोलल्या तर विहिरीवरच्या बायका उत्तर द्यायच्या, असा आवाज. दिराच्या लग्नात वरात कशी चुकली ते मला सांगत होत्या आणि आम्ही एका बुटक्या कौलारू दुकानासमोर आलो. आतून एक गोल, ठेंगणा माणूस बाहेर आला. गंजीफ्रॉकवर पांढरं फडकं बांधलेलं, भुवयांवर पीठ. बोट ओठांवर. आणि ज्यांना त्यांच्या सासूनंही कधी गप्प केलं नव्हतं त्या तारीबाई एकदम कुजबुजल्या, "निजलाहा? बरा, बरा." गिरणी येईपर्यंत आम्ही दोघी चवड्यांवर चाललो.

गिरणीवर मी विचारलं, "कोण निजलंय हो त्यांच्याकडे?"

"पीठ."

"पीठ कसं निजेल?"

"ता त्येका म्हायत. पण निजलेल्याक उठवू नये, इतक्या माका म्हायत."

तर असे ते. नाव होतं त्यांना, चांगलं लांबलचक होतं, पण आळीत कुणी ते घेत नसे. सगळे म्हणायचे 'फ्रेंच'. "फ्रेंचाकडनं पाव आण रे," असं. होते गोव्याचे, साष्टीकडचे, रंगानं तुमच्याआमच्यासारखे. तरुणपणी फ्रेंच आगबोटीवर लागले आणि तिच्या पोटातल्या भटारखान्यात मार्सेयच्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकले. आम्हाला वाटायचं, एवढं जग फिरलेला माणूस, समुद्राच्या काय काय गोष्टी सांगेल. पण विचारलं की म्हणायचे, "समुद्र मला ठाऊक नाही, बाय. मी भट्टी पाहिली. समुद्र वर होता."

तुम्ही आत्ताची अंधेरी डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हा बेकरीच्या मागं ताडांची रांग होती, त्यापलीकडे भातखाचरं, आणि थंडीत पहाटे धुकं असं खाली उतरायचं की बेकरीचं धुराडं तेवढं वर दिसायचं, एखाद्या बोटीचं दिसावं तसं. त्या धुक्यातनं लोण्याचा वास यायचा. लोणी कढवताना येतो तो नव्हे. त्याहून गोड, थोडा आंबूस, थोडा भाजलेल्या दाण्यांसारखा. मी नळावर पाणी भरायला उठायची, घागर भरून वाहायला लागायची आणि मी आपली नाक वर करून उभी.

तो वास चंद्रकोरीचा, कोरीसारख्या वाकवलेल्या पापुद्र्यांच्या पावाचा. फ्रेंच लोकांत तिला वेगळं नाव आहे. ते त्यांनी मला पुष्कळदा म्हणून दाखवलं, माझ्या तोंडात काही ते बसलं नाही. शेवटी तेच म्हणाले, "जिभेला जड होतं तर चंद्रकोर म्हण. आकार तोच, चव तीच." मग आळीनं तेच नाव धरलं.

ही चंद्रकोर बारमाही नव्हती, बरं का. बाकीचे महिने ते साधा पाव करायचे, कडक पाव, नानकटाई, आणि कधी लहर लागली तर साखरेत घोळवलेल्या पापुद्र्यांच्या पट्ट्या. पण चंद्रकोर दिवाळी सरली की सुरू आणि शिमगा आला की बंद. कारण लोणी. कणकेच्या घडीत थंड लोण्याचा थर घालायचा, लाटायचं, घडी घालायची, निजवायचं. परत लाटायचं, परत घडी, परत निजवायचं. उकाड्यात ते लोणी कणकेत पाघळून जातं, मग कसले पापुद्रे. थंडीतसुद्धा त्यांना बर्फ लागायचा. तो वेसाव्याहून यायचा, मासळीच्या होड्यांसाठी असतो तो, तरटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. संगमरवराची लादी त्यावर ठेवायची आणि त्या लादीवर पिठाला निजवायचं. वर पांढरं पांघरूण. खरंच सांगते, दाराच्या फटीतनं बघितलं की वाटायचं आत कुणाचं तरी लेकरू झोपलंय.

पहिली चंद्रकोर खायला मला यांनी नेलं. आमचे हे कचेरीत कारकून, एरवी बायकोला बाहेर नेऊन खायला घालणारे नव्हेत. पण एका रविवारी सकाळी म्हणाले, "आईला सांग भाजीला जातोय." दुकानाबाहेर एक बाक होता. त्यावर बसलो. फ्रेंचांनी बशीतून दोन आणल्या आणि मला हळूच म्हणाले, "तुमच्या दोन्हींवरनं दुधाचा हात फिरवलाय. अंड्याचा नाही. ब्रशही वेगळा." मी काही विचारलंही नव्हतं. पुढे कळलं, आळीतल्या कुणाच्या घरी अंडं चालतं, कुणाच्या नाही, सगळं त्यांच्या ध्यानात असे. दुधाच्या चंद्रकोरी जरा फिक्या दिसायच्या, त्या वेगळ्या टोपलीत.

मी घास घेणार तोच फ्रेंच म्हणाले, "थांब. आधी ऐक." आणि माझ्या कानाशी ती मोडली.

काय सांगू तुम्हाला. वाळल्या पानांवरनं चिमणी चालत गेली तर होईल तेवढाच आवाज. आत जाळीच जाळी, आणि वाफ. जिभेवर ठेवली तर आधी कुरकुरली आणि मग होतीच कुठे ती? लोण्याचा एक सुस्कारा तेवढा मागं राहिला. माझ्या पदरावर सोनेरी कपचे पडले होते. झटकायला गेले तर ते म्हणाले, "झटकू नको. उठशील तेव्हा पडतील. चिमण्यांचा वाटा तो." आम्ही दोघं त्या बाकावर किती वेळ न बोलता बसलो होतो, आठवत नाही. आमच्या संसारात पुढे पुष्कळ बोलणं झालं, भांडणंही झाली, पण ते न बोलणं मला अजून आठवतं.

त्या बाकावर बसलेल्या कुणालाच मोठ्यानं बोलता यायचं नाही. स्टुडिओत कामं करणारी रंगलेली मंडळी यायची, गावठाणातल्या लुगडं नेसलेल्या ख्रिस्ती बाया यायच्या, समोरचे गुजराती शेठ यायचे. सगळे कुजबुजत. भाव करायचा तो कुजबुजत, मुलाला रागवायचं ते कुजबुजत. एकदा तर गंमतच झाली. दारूबंदीचे दिवस होते. पूर्वी पाववाले पीठ फुगायला ताडी घालत, ती बंद झालेली, आणि त्यात बेकरीच्या मागं ताडांची रांग. हवालदाराला बेकरीतनं आंबूस वास आला, त्याला वाटलं सापडलं घबाड. धाडधाड बूट वाजवत आत शिरला. फ्रेंच ओठांवर बोट ठेवून पुढे. हवालदार जागीच थांबला, टोपी काढली आणि कुजबुजला, "कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. पीठ निजलंय."

"आणि हा वास?"

फ्रेंचांनी फळीवरची काचेची बरणी खाली काढली. जाड काच, तारेच्या कडीचं झाकण, आत मळकट पांढरं, बुडबुडे आलेलं काहीतरी. हवालदारानं वास घेतला, बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं. "ही दारू नव्हे," असं कुजबुजला आणि बूट न वाजवता बाहेर गेला. पुढे तो दर रविवारी बाकावर दिसायचा.

त्या बरणीतलं खमीर हाच त्यांचा जीव. नुसतं पीठ आणि पाणी, पण वर्षानुवर्षं जगवलेलं. त्यांच्या उस्तादानं म्हातारपणी बोट सोडली तेव्हा आपल्या खमिरातलं मूठभर फ्रेंचांच्या हाती दिलं. उस्ताद पुढे वारला. खमीर बोटीवरनं मुंबईला आलं आणि अंधेरीत राहिलं. मी एकदा म्हटलं, "नवं नाही का करता येत?" तर म्हणाले, "येतं ना. पण ती दुसऱ्या माणसाशी ओळख झाली. हे मेलं तर माझी चंद्रकोर मेली. मग मी नुसता पाववाला."

आता आमच्या सासूबाईंचं सांगते, कारण त्यांच्यावाचून ही गोष्ट पुढे जात नाही. कडक सोवळं. बेकरीची वस्तू उंबऱ्याच्या आत नाही. यांनी मला काय खाऊ घातलं ते त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, माझ्या पदराच्या काठात एक कपचा अडकला होता. त्यांनी तो चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, आणि रागवायच्या ऐवजी म्हणाल्या, "पापुद्रा बरा सुटलाय. थरांमध्ये साटा कशाचा लावतो गं तो?"

सासूबाईंचे चिरोटे आमच्या नात्यागोत्यात नावाजलेले. दिवाळीत त्यांनी तळलेला चिरोटा फुलासारखा उमलायचा. त्यामुळे त्यांना दुसऱ्याच्या पापुद्र्याचं कुतूहल. मग माझी टपालकी सुरू झाली. गिरणीवर जाता येता निरोप न्यायचे. सासूबाई विचारणार, "साटा तुपाचा की कसला?" फ्रेंच सांगणार, "साटा नाही, मांयला सांग, लोणी. थंड." सासूबाई म्हणणार, "थंड लोण्यानं पापुद्रा सुटेल कसा? चिकटेल." फ्रेंच म्हणणार, "सुटतो. सवकास केलं तर सुटतो." एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण चांगली शेजाऱ्यांसारखी हुज्जत. मी मध्ये उभी.

एकदा फ्रेंचांचं पोट बिघडलं. एकटा माणूस, मागच्या खोलीत पडून. मी पुरतं सांगायच्या आधीच सासूबाईंनी दहीभात कालवून दिला, वर म्हणाल्या, "भांडं बाहेर ठेव, मग घासून आत घे." फ्रेंचांनी एक घास घेतला आणि उठूनच बसले. "हे दही किती वर्षांचं?"

मला हसू आलं. म्हटलं, "रात्रीच लावलंय." मग लक्षात आलं ते काय विचारतायत. विरजण सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून आणलेलं, लग्नानंतर, आणि तेव्हापासून ते मोडू दिलेलं नाही. तसं सांगितलं. त्यांनी दुसरा घास सावकाश घेतला. "तुमच्या घरात जिवंत वस्तू मरत नाही," म्हणाले.

म्हणून, नाताळ झाल्यावर जेव्हा गोव्याहून त्यांची आई अत्यवस्थ असल्याचं कळलं, तेव्हा ते बरणी घेऊन आमच्या दारात आले. गोव्याची हद्द त्या काळी बंद झाली होती. आगगाडी नाही, परवाना मिळाला तर जायचं, चालत हद्द ओलांडायची, आणि परत कधी सोडतील याचा नेम नाही. सासूबाई दाराच्या आत, ते बाहेर, मी मधोमध. पहिल्यांदाच दोघं समोरासमोर.

"मांय, हे जगवाल?"

सासूबाईंनी बरणीकडे पाहिलं. "काय आहे त्यात?"

"पीठ आणि पाणी."

"बस?"

"बस."

"मग ह्यात ख्रिस्ती काय आहे?" सासूबाई म्हणाल्या. "ठेव गं ती खिडकीत. आत नको."

मग फ्रेंचांनी मला समजावलं. रोज सकाळी यातलं निम्मं काढून टाकायचं, उरलेल्याला तेवढंच ताजं पीठपाणी घालायचं, आणि जवळ मोठ्यानं बोलायचं नाही. जिना उतरता उतरता परत वर आले, खिडकीतल्या बरणीला नुसतं बोट टेकवलं, आणि गेले.

पहिल्याच सकाळी अडचण. मी निम्मं काढून मोरीत टाकायला निघाले तर सासूबाईंनी हात धरला. "अन्न मोरीत टाकतेस?"

"ते म्हणाले, टाकायचं."

"ते एकटे आहेत. त्यांना म्हणायला काय. ह्या घरात अन्न टाकलं जात नाही."

झालं. टाकायचं नाही म्हटल्यावर ते वाढणारच. बरणीतलं जास्तीचं वाडग्यात गेलं, वाडग्यातलं पातेल्यात. रोज दुप्पट होणारा पाहुणा तो. एका सकाळी पाहते तर पातेल्याचं झाकण खाली आणि पीठ कडेवरनं उतरून पाट चढायला निघालेलं. सासूबाईंची मोठी पंचाईत. दोन दिवस त्या पातेल्याभोवती फिरल्या आणि मग मला म्हणाल्या, "आता ह्यात त्यांचं पाणी कितीसं उरलं असेल? सगळं आपलंच झालं की." असं म्हणून त्यांनी ते चक्क आत घेतलं आणि त्याच्या आंबोळ्या घातल्या. थोडी तांदळाची पिठी, चिमूटभर मेथी, मीठ. काय जाळी पडली होती, तुम्हाला म्हणून सांगते. यांनी खाल्ल्या आणि म्हणाले, "आई, ह्याला काहीतरी ओळखीचा वास येतोय." सासूबाई म्हणाल्या, "खा मुकाट्यानं."

मग शेजारी. विरजण मागायला येतात तशा बायका वाटी घेऊन यायला लागल्या. "पाववाल्याचं विरजण द्या हो थोडं." तारीबाईंनी नेलं, समोरच्या शेठाणीनं ढोकळ्यासाठी नेलं. सगळ्या चाळीत आंबूस गोड वास. मी मात्र रोज खिडकीतल्या बरणीशी जाऊन बघायची. बुडबुडा आहे ना, हलतंय ना. मला तेव्हा दिवस गेले होते. कधी कधी पोटावर हात ठेवून बरणीकडे पाहत बसायची आणि दुपार कशी सरली कळायचं नाही. त्यांचं पत्र नाही, निरोप नाही. आळीत म्हणायला लागले, फ्रेंच काही आता येत नाही, तिकडेच अडकला.

माघातल्या पौर्णिमेला चंद्रग्रहण आलं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पुण्याहून आत्याबाई आल्या, मामंजींच्या थोरल्या बहीण. त्यांच्यापुढे सासूबाईंचं सोवळं म्हणजे पोरखेळ. चंद्र ग्रहणातच उगवणार होता. सकाळपासून वेध लागले, चूल विझली. मी गरोदर, म्हणून मला आतल्या खोलीत बसवलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, झोपायचं नाही, बाहेर पाहायचं नाही. खिडक्यांना चादरी. सांजावलेल्या खोलीत मी एकटी भिंतीला टेकून बसले, आणि रस्त्यावरनं ओरडत जाणारे ऐकू येत होते, "दे दान, सुटे गिराण." लांबून येत, जवळ येत, लांब जात. पोटात बाळ हलत होतं. मला वाटलं, आपण एका मोठ्या बोटीच्या तळाशी बसलोय आणि समुद्र वर आहे.

मग ग्रहण सुटलं. घराघरांतनं पाणी ओतल्याचे आवाज सुरू झाले. ग्रहणातलं साठवणीचं पाणी, शिजलेलं, आंबलेलं, सगळं टाकायचं, भांडी घासायची, अंघोळी करायच्या, अशी रीत. सासूबाई विहिरीवर अंघोळीला गेल्या होत्या. मोरीत घळाघळा काहीतरी ओतलं गेलं. पाणी तसं वाजत नाही. पाण्याला घाई असते. हे सावकाश, जड, थबकत थबकत पडत होतं.

मी रीत मोडून बाहेर धावले. आत्याबाई मोरीशी. पातेलं पालथं, आणि काचेची बरणी धुऊन, पुसून, उलटी करून ठेवलेली. रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात लखलखत होती.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"अगं, काय ते कुजकं खिडकीत ठेवलं होतंत. ग्रहणातलं. आणि तू बाहेर कशी आलीस?"

मी गॅलरीत जाऊन तारीबाईंना हाक मारली, "तारीबाई, तुमच्याकडचं खमीर?"

"ता? टाकलंय गो. गिराण ना."

शेठाणीनंही टाकलं होतं. सगळ्या चाळीनं टाकलं होतं, कारण सगळी चाळ आपापल्या धर्माला धरून होती. मी उंबऱ्यात बसून रडायला लागले. परत आलेला माणूस जिना चढून येईल आणि मी काय दाखवू त्याला, ही स्वच्छ बरणी?

सासूबाई ओल्या लुगड्यानं वर आल्या. मोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तशाच आत गेल्या आणि लोणच्याच्या फळीवरनं, कैरीच्या आणि लिंबाच्या बरण्यांमागनं, एक छोटी चिनी मातीची बरणी काढली. तोंडावर बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. आत वाटीभर खमीर, आणि त्यावर तुळशीचं पान.

लोणच्याला, दुधातुपाला वेध लागायच्या आधी तुळशीपत्र ठेवतात, मग ते पदार्थ टाकावे लागत नाहीत. सासूबाईंनी तेवढं केलं होतं.

"विरजण कधी कुणी एकाच भांड्यात ठेवतं का गं?" मला म्हणाल्या. आणि मग नणंदेकडे वळून, "वन्सं, आता आवाज करू नका. घाबरलं असेल ते."

पुन्हा बरणी भरायला घेतली. पहिले काही दिवस ते फुगेचना. सासूबाईंनी आपली शाल बरणीभोवती गुंडाळली आणि तिला चुलीच्या उबेला, थेट स्वयंपाकघरात ठेवलं. खिडकीतनं चुलीपर्यंतचा तो प्रवास कसा झाला यावर घरात कुणी बोललं नाही. एका पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. बोटानं दाखवलं. काचेच्या आत एक बुडबुडा वर येत होता, सावकाश, फुटू की नको अशा विचारात. फुटला. दुसरा आला.

शिमगा उलटून गेला तेव्हा ते आले. दाढी वाढलेली, तो गोल माणूस अर्धा झालेला. दंडाला काळी पट्टी, म्हणजे आईचं काय झालं ते विचारायला नको. जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले. खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी होती.

त्यांचा चेहरा मी पाहिला आणि सासूबाईंना बोलवायला वळले. तेवढ्या वेळात तारीबाई आणि चार बायका गॅलरीत जमल्या होत्या, "इले, फ्रेंच इले," म्हणत. इतक्यात आतनं सासूबाई आल्या. दोन्ही हातांत ती बरणी, पदरानं धरलेली. उंबऱ्यावर आल्या, बायकांकडे रोखून पाहिलं, आणि म्हणाल्या, "हळू बोला गं. निजलंय ते."

फ्रेंचांनी बरणी घेतली. कडी काढली, नाक आत घातलं आणि तसेच राहिले. मग त्यांना ते पान दिसलं. सुकून काळं झालेलं, तरी सासूबाईंनी ते तसंच वर ठेवलेलं. त्यांनी विचारल्यासारखं पाहिलं.

"ग्रहण होतं," सासूबाई म्हणाल्या. "काढू नका."

"नाही काढत, मांय. आमच्याकडेही निजवताना वर खूण करतात." आणि त्यांनी बोटानं बरणीवर हवेतल्या हवेत एक क्रूस काढला. "तुमची पानाची, आमची बोटाची."

चंद्रकोरीचा मोसम संपला होता. तरी दोन दिवसांनी पहाटे तो वास आला. दुप्पट बर्फ आणला असणार. दिवस उजाडता उजाडता ते स्वतः टोपली घेऊन आले. "दुधाच्या आहेत," म्हणाले. सासूबाईंनी खाल्ली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. जन्माचं सोवळं एका सकाळी सुटत नाही आणि त्यांनी ते सोडावं असं फ्रेंचांनाही वाटलं नसावं. त्यांनी टोपलीतली एक उचलून मोडली, सासूबाईंच्या कानाशी धरून. सासूबाई मान किंचित कलती करून ऐकत राहिल्या. भजनात एखादी ओळ आवडली की करायच्या तशी.

"सुटलाय," म्हणाल्या. "चांगला सुटलाय."

ते एवढे खुशीत जिना उतरले की टोपली आमच्याकडेच राहिली.

माझ्या मुलीच्या बारशाला ते आले होते. पाळण्याभोवती बायकांचा कलकलाट चालला होता. ते दारातच थांबले, आणि बोट ओठांवर नेलं. सगळ्या गप्प. त्यांनाच मग संकोच वाटला आणि ते नानकटाईचा पुडा ठेवून निघून गेले.

पुढे गोव्याची हद्द उघडली आणि ते कायमचे गावी गेले. आईचं घर होतं, बंद ठेवून चालणार नव्हतं. बरणी मांडीवर घेऊन स्टेशनला जायला घोडागाडीत बसले. तुळशीचं पान नवं होतं. सासूबाईंनी त्या सकाळी तोडून दिलेलं. "घाटात गाडीवाल्याला सवकास हाकायला सांगा," सासूबाई गॅलरीतनं म्हणाल्या, आणि त्यांनी खालनं मान हलवली. पत्र लिहिणाऱ्यांतले ते नव्हते आणि आम्हीही नव्हतो. आमच्याकडचं खमीर सासूबाई होत्या तोवर आंबोळीत राहिलं. त्यांच्यानंतर एका पावसाळ्यात, मी माहेरी असताना, ते गेलं.

दुकानात मग एक इस्त्रीवाला आला. उत्तरेकडचा, मनमिळाऊ, गाणी म्हणत इस्त्री करणारा. एक दिवस कपडे द्यायला गेले तर मला म्हणाला, "भाभी, एक बात बताओ. इधर के सब लोग रास्ते में जोर से बात करते हैं, मेरी दुकान के सामने आते ही धीरे क्यों बोलते हैं?"

मी वळून पाहिलं. तारीबाई गिरणीवरनं येत होत्या, सोबत कुणी नवी नवरी, आणि तारीबाईंच्या दिराची वरात अजून चुकतच होती. दुकानाच्या कोपऱ्याशी येताच त्यांचा आवाज आपोआप खाली उतरला. ती नवरी बिचारी भांबावून त्यांच्याकडे बघायला लागली, आणि मग काही न विचारता तीही चवड्यांवर चालायला लागली.